धाकटीचे गाल

२८ जानेवारी. सकाळपासून खोका भरतेय. पेंढा, जुन्या चादरी, कोपऱ्यांना थर्माकोल. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यात माझं एक शिल्प जायचंय आणि उद्या सकाळी विष्णुपुरीत माझ्या पत्र्याच्या शेडपुढे टेम्पो लागणार आहे. एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मात्र मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण आज दुपारी एक फोन आला आणि तेव्हापासून माझ्या हातून एक स्क्रू धड बसलेला नाही.

माझ्याबरोबर धर्माबादचा बालाजी आहे. तो मिरचीच्या बाजाराची मोठी मोठी चित्रं काढतो आणि त्याचीही चित्रं याच टेम्पोतून जाणार आहेत. दुपारभर त्याची बडबड चालू होती. ‘नाजूक’ असं खोक्याच्या चारी बाजूंनी लिहा म्हणे, एका बाजूनं आपल्या लोकांना दिसत न्हाई. मी हसले. हसता येत होतं तोवर.

शिल्प असं आहे — लोखंडी चौकटीत मातीचे मुखवटे, रांगेनं, सगळे एकाच साच्यातले. मधोमध एक जुना, रंग उडालेला, कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेलेला. लोक थांबतात ते त्या तड्यापाशी. दिल्लीच्या गॅलरीवाल्या बाईंनी निवड केली तीही त्याच्याचसाठी. हा कुठला, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, नदीकाठी सापडला. शिल्पाशेजारी लावायच्या पाटीवरही तेच छापलंय.

नदीकाठी सापडला नव्हता तो. मग कुठला?

माझं सासर लातूरचं. घरात महालक्ष्म्या असतात, थोरली आणि धाकटी. त्यांचे मुखवटे भाजलेल्या मातीचे, कुणाच्या हातचे ते आता कुणालाच ठाऊक नाही. सांभाळते माझी थोरली जाऊ, आम्ही तिला अक्का म्हणतो. वर्षभर ते पितळी डब्यात गव्हावर निजवलेले असतात, कारण लक्ष्मीखाली रिकामं भांडं नको. मी चित्रकलेची शिक्षिका, म्हणून सणाआधी रंगवायला ते माझ्याकडे यायचे. बसमधून मी ते मांडीवर घेऊन यायचे, तोंड पुढे करून. अक्काचं सांगणं एकच, “रंग दे. दुसरं काही करू नको.”

एका वर्षी मी दुसरं केलं.

धाकटीचा चेहरा मला फार आवडायचा. गाल भरलेले, ओठ किंचित दाबलेले, बोलू की नको अशा विचारात असल्यासारखे. मला त्याचा साचा हवा होता. विचारलं असतं तर अक्का नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. चिकटू नये म्हणून साबणाचं पाणी लावून प्लास्टर ओतलं. पण कानामागच्या खाचेत पाणी पोचलंच नव्हतं. प्लास्टर तिथे धरून बसलं. मी ओढलं — आणि चेहरा उभा चिरला.

साचा मात्र उत्तम आला होता.

अशा वेळी काय करायचं असतं हे मला माहीत होतं. खंडित मुखवटा घरात सांगून गोदावरीत सोडायचा आणि रीतसर नवा आणायचा. अक्का रडली असती, चार दिवस बोलली नसती, मग संपलं असतं. मी साच्यात माती दाबली, नवा मुखवटा काढला, भाजला, रंगवला आणि लातूरला नेऊन दिला. भ्याले म्हणून? मी स्वतःला बरीच वर्षं तसंच सांगितलं. ते खरं नाही. सांगितलं असतं तर जुना पाण्यात गेला असता, आणि मला तो हवा होता. चिरल्यावर तर जास्तच.

इथवर चोरी झाली. खरी गोष्ट याच्यापुढे आहे.

माती वाळताना आटते, भट्टीत आणखी आटते. साच्यातून निघालेली वस्तू मूळ वस्तूपेक्षा लहान होते. हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. पण त्या घाईत — काय सांगू — मला ते सुचलंच नाही. पूजेच्या दिवशी अक्का धाकटीला नथ घालायला बसली. नथ ओठांच्या खाली लोंबली. कानातले गालांपासून सुटे राहिले. अक्का हळूच म्हणाली, “धाकटी वाळली गं.”

मी म्हणाले, तुम्हाला तसं वाटतंय.

त्याच वर्षी नैवेद्याच्या पुरणपोळ्या पहिल्यांदा विकत आणल्या होत्या. अक्काचे गुडघे दुखत होते. तिच्या मनात नव्हतं, मीच मागे लागले होते, देवीला काय कळतंय म्हणून. आता अक्कानं दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या. आपण विकतचं वाढलं, म्हणून लक्ष्मी आपल्या घरात उपाशी राहिली. हे ती एकदाच माझ्याजवळ म्हणाली, दुसऱ्या कुणाजवळ नाही. पुढच्या वर्षापासून पुरण तिनं स्वतः वाटलं, सोळा भाज्या स्वतः निवडल्या, फुलोरा स्वतः तळला. कुणाला हात लावू दिला नाही. विसर्जनापर्यंत स्वतः काही खायचं नाही, हेही तिनं तेव्हापासून धरलं. आता ती जिना उलटी उतरते, कठड्याला धरून, पाठमोरी. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की म्हणते, आधी धाकटी भरू दे.

आणि दर वर्षी मी शेजारी बसून हार ओवत होते. ‘माती आटली’, दोन शब्द. ते मी बोलले नाही.

आज दुपारी तिचाच फोन होता. पुतणीनं पेपरातली माझी बातमी वाचून दाखवली होती. खूश होती. आमच्या लक्ष्म्या रंगवूनच तुझा हात बसला, सांग त्या दिल्लीवाल्यांना, असं म्हणाली. मग म्हणाली, “तिकडून आलीस की एक काम कर बाई. धाकटीचे गाल माती लावून भरून दे. माझ्यानं आता होऊन नाही राहिलं. ती भरलेली दिसली की मी सुटले.”

मी बरं म्हणाले. बरं! फोन ठेवला आणि चौकट खोक्यात उतरवली. झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले. पहिला वाकडा गेला, दुसराही. बालाजीनं पेचकस माझ्या हातून काढून घेतला आणि झाकण बंद केलं. मी त्याला बंद करू दिलं.

आता संध्याकाळ झालीय. खोका समोर आहे. दिल्लीहून तो परदेशात जाईल असं गॅलरीवाल्या बाई म्हणतात. गेला की मुखवटा घरातल्या कुणाच्याच नजरेला पडणार नाही. मला सुटका हवी असेल तर ती या खोक्यात आधीच बंद झालेली आहे.

२९ जानेवारी. सकाळी झाकण उघडलं. मधला मुखवटा चौकटीतून काढला. बालाजी बघतच राहिला. “मॅडम, मधलं तोंडच न्हाई की,” म्हणाला. न्हाई, म्हणाले मी, तसंच जाऊ दे. दिल्लीला फोन करून मधला मुखवटा येणार नाही, पाटीवरची ओळही खोटी आहे, काढा, असं सांगितलं. बाईंनी कारण विचारलं. चोरीचा आहे, म्हणाले. मग लातूरची बस धरली. मुखवटा मांडीवर, तोंड पुढे.

अक्का गहू निवडत बसली होती. मी तो तिच्या ताटात, गव्हावर ठेवला आणि म्हणाले, “अक्का, धाकटी वाळली नव्हती. मी हिला फोडलं, लपवलं, आणि दुसरी करून दिली. मातीच आटली होती. तुमच्या पोळ्यांनी काही झालं नव्हतं.”

ती भिंतीला धरून उठली, आतून नथ घेऊन आली आणि चिरलेल्या चेहऱ्याला लावून पाहिली.

नथ बरोबर बसली.