ऑटोची दाढी

हार्लन बेंड गावात व्हर्न ट्रास्कचा वस्तरा ज्याच्या गालावरून फिरला नाही, असा पुरुष शोधून सापडला नसता. हात लोण्यासारखा, जीभ मात्र तिखट. शहात्तर साली देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं पुरी होणार होती. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या त्या गावानं जुन्या रिवाजाप्रमाणे शपथ घेतली: चार जुलैपर्यंत कुणी दाढी करायची नाही. मोडेल त्याला चौकात गमतीच्या कोर्टापुढे उभं करून घोड्यांच्या हौदात बुचकळायचं. व्हर्नच्या दुकानातला वस्तरा पेटीत घालून, बँड वाजवत पुरला. सगळ्यांत मोठ्यानं रडण्याचं सोंग व्हर्ननंच केलं.

जूनमध्ये त्याचा दोस्त ऑटो ब्रुनिंग मागच्या दारानं आला. दाढी भरघोस, पांढरीशुभ्र. सगळ्यांत छान दाढीचं बक्षीस त्याचंच, असं गाव म्हणत होतं.

"काढ ही," ऑटो म्हणाला.

"उन्हानं डोकं फिरलं का रे? थोडे दिवस तर राहिलेत."

"लव्हीनाचं विसरणं वाढलंय. मी घास पुढे केला की तोंड फिरवते. काल ही पांढरी दाढी बघून म्हणाली, बाबा, तुम्ही आता घरी जा, माझा नवरा शेतावरून येईल."

व्हर्ननं मागचं दार लावलं. घरचा वस्तरा आणला, पाणी तापवलं, फेस केला.

"गावाला काय सांगशील?" ऑटोनं विचारलं.

"गावाचं मी बघतो. तू हलू नकोस."

त्या संध्याकाळी लव्हीनानं नवऱ्याच्या हातून सूप घेतलं. त्याचं नाव मात्र तिच्या ओठांवर आलं नाही. पुढच्या दिवसांतही आलं नाही.

चार जुलैला कोर्ट बसलं. न्यायाधीश झालेला धान्यवाला कर्ट गरजला, "गद्दार ऑटो, चल हौदाकडे."

व्हर्न उठला. "त्याला कशाला? दाढी काय आपोआप गळली? वस्तरा माझा होता."

"न्हाव्यानंच शपथ मोडली? मग शिक्षा दुप्पट."

"दोनदा बुडवा. उकडतंय तसंही."

बूट काढून तो हौदात बसला, तसं पाणी काठावरून सांडलं आणि चौक हसत सुटला. गर्दीत लव्हीना ऑटोचा दंड धरून उभी होती. ती म्हणाली, "ऑटो, त्या बिचाऱ्याला टॉवेल दे ना."

ऑटो जागचा हलला नाही. तिच्या हातातून दंड सोडवून घ्यायचा त्याला धीर होईना. व्हर्ननं ते पाहिलं, आणि टॉवेलची घाई न करता तो पाण्यात तसाच बसून राहिला.