रोडपालीच्या हळदीतली स्लाइड गिटार

धवलारीण आजी गाता गाता थांबल्या. माइक खाली ठेवून म्हणाल्या, "यो माजा आवाज नाय."

पनवेलजवळच्या रोडपाली गावातली हळद, नवरी पाटावर. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते आणि त्यावरच विधी चालतात. धवला मधेच तुटला, तशा हळदीच्या वाटीकडे गेलेल्या बायका मागे सरल्या. नवरीच्या आईचे डोळे भरले.

चूक माझी. मी साउंड ऑपरेटर. आजींचा सूर कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडत होता. म्हणून मी त्यांच्या माइकवर पिच करेक्शन लावलं. हे मशीन गाणाऱ्याचा सूर ओढून जवळच्या पट्टीवर बसवतं. अतिशहाणपणा नडला.

"आजी, काढलं ते. आता गा," मी हात जोडले.

"नाय जमाचा." आजींनी कीबोर्डकडे बोट केलं. "त्या पेटीवाल्याशी माजा सूरच लागं नाय."

बॅंडमधला सॅमसन उठला. पनवेलच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरातला, मूळचा रॉक गिटारिस्ट. कॉलेज फेस्टिव्हल, क्रूझ, जाहिराती, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, कशालाच नाही म्हणाला नव्हता. त्याने कीबोर्डवाल्याला थांबवलं, गिटारचा घोगरा रॉक आवाज बंद केला आणि करंगळीत स्टीलची नळी घातली. तिला स्लाइड म्हणतात. ती तारेवरून सरकवली की दोन पट्ट्यांमधला कुठलाही सूर काढता येतो. मग तो आजींसमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"तुम्ही पुढे चला आजी, मी मागून येतो."

आजींनी त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं आणि धवला पहिल्यापासून धरला. प्रत्येक कडव्याला त्यांचा सूर केसभर चढायचा, नळीही तेवढीच सरकायची. तो एकदाही पुढे गेला नाही. ज्या बोटांनी हजारो पोरं नाचवलेली मी पाहिली होती, ती बोटं एका म्हातारीच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होती. इतकं येणारा माणूस इतकं कमी वाजवू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

नवरीला हळद लागली. आजींनी उरलेली सॅमसनच्या गालाला फासली.

"कोनाकरशी शिकलास रं धवला?"

"आत्ताच. तुमच्याकडून."

तेव्हापासून मी गाणाऱ्याला आधी ऐकतो, मग बटणाला हात लावतो. बावीस वर्षं कानावर पोट भरल्यावर हे कळलं, म्हणजे तसं लवकरच.