जबाबाची पहिली ओळ

ती घटना आठवली, की हातातला चहा आजही तसाच निवतो. तेव्हा मी उजनीकाठच्या एका पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. वरून एक पत्र आलं. सायबर गुन्ह्यांच्या तपासात देशांनी एकमेकांना मदत करायची, असे करार असतात. त्याच आधारे एका परदेशी सरकारनं पळसदेवच्या एका मोबाईल नंबरची चौकशी मागितली होती. त्या नंबरावरून फेसबुकवर एक निनावी पान चालायचं. तिकडच्या बांधकामांवर आपल्या मजुरांचे पासपोर्ट काढून घेतात, आजारी माणसालाही कामाला जुंपतात, असं त्यावर असे. असं लिहिणं आपल्याकडे गुन्हा नाही. तिकडे थेट तुरुंग.

सोबत एक तक्ता होता. मोबाईल कितीला विहिरीवर, कितीला पाण्याबाहेर आलेल्या जुन्या देवळापाशी, सगळं मिनिटासह. माझ्या हद्दीतलं एवढं मलाही ठाऊक नव्हतं.

महिला शिपाई घेऊन त्या घरी गेलो. सून एकटीच होती.

"ताई, सासरे कुठं आहेत? सिमकार्ड त्यांच्या नावावर आहे."

"आबा? त्यास्नी जाऊन तीन वर्सं झाली की, सायेब."

"मग परवा दुपारी त्यांच्या नंबरावरून लिहिलं कोणी?"

मी दरडावलं नाही. दरडावलं की माणूस खोटं बोलतो, थांबलं की खरं. पाणी मागून सावकाश प्यायलो.

"मीच लिवते," ती म्हणाली. "आमचं घरधनी तितंच कामाला हायत. ते फोनवर सांगत्यात. कळलं तर त्यास्नी जित्तं सोडायचे न्हाईत."

"तुम्ही लिहिता, हे माझ्या कागदात येणार नाही," मी शब्द दिला.

आणि पाळला. 'नंबरधारक मयत, वापरणारा निष्पन्न नाही.' चक्क खोटं लिहिलं, त्याची लाज वाटली नाही. मृत्यूला पुरावा म्हणून सुनेचा दोन ओळींचा जबाब जोडला. स्वतःवर खूश होतो मी.

महिन्याभरानं ती ठाण्यात आली. नवऱ्याचा फोन बंद होता. पान मात्र चालू होतं. 'इथे सगळे सुखात आहेत,' असं रोज नव्यानं येत होतं. खाली नवऱ्याचा फोटो, इस्त्रीच्या शर्टात, हसरा.

"ह्ये मी लिवलं न्हाय. माझा पासवर्ड बी चालत न्हाय. त्यो माझ्याबिगर फकस्त त्यास्नी म्हाईत व्हता."

मी फाईल काढली. आमचा प्रत्येक जबाब एकाच साच्यात सुरू होतो: नाव, वय, धंदा, राहणार. बाईमाणूस असेल तर नवऱ्याचं पूर्ण नाव. धंद्यापुढे जबाब लिहून घेणाऱ्या रायटरनं सवयीनं घातलं होतं, 'घरकाम, पती परदेशात नोकरीस.' खाली माझी सही. मी ती न वाचता केली होती, आणि हाच कागद अहवालासोबत त्या सरकारकडे गेला होता.

वरिष्ठांना लिहिलं, दूतावासाला लिहिलं. उत्तर आलं: संबंधित व्यक्ती सुखरूप आहे, कुटुंबाशी बोलण्यास इच्छुक नाही.

ठगांना पकडायला असे करार हवेतच, हे मी आजही म्हणतो. पण आपला कागद पलीकडे कोण वाचणार, हे मी विचारलं नाही. त्याची टोचणी अजून आहे.

मी तिला सगळं खरं सांगितलं. ती ओरडली नाही. जबाब हातात घेऊन पहिली ओळ बोट ठेवून वाचली.

"त्यांचं नाव बराबर लिवलंय, सायेब," म्हणाली.