कूलर बंद ठेवून

व्हायोलिन मी पन्नाशीच्या तोंडावर हातात घेतलं. घरच्यांना वाटलं, वयाचं खूळ आहे, उतरेल. ते उतरलं नाही. बँकेतून आल्यावर रोज गज घासायचो आणि रविवारी सकाळी शहरातल्या घमापूर मोहल्ल्यात काकूंकडे तालमीला जायचो. काकू म्हणजे आमच्या गायिका. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या. तबल्यावर त्यांच्याच गल्लीतला, कूलर आणि खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या विकणारा भैया. आम्ही तिघंच. दरवर्षी गणपतीत या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळींसमोर काकू नि भैया बसायचे, मी सतरंज्या अंथरायचो. त्या वर्षी मात्र काकूंनी मला सोबत मंचावर बसवायचं कबूल केलं होतं.

मे महिन्याचं ऊन होतं. काकूंच्या बैठकीच्या खिडकीत भैयाने बसवून दिलेला भलामोठा कूलर घरघरत असायचा आणि त्या घरघरीत आमचा भूपातला अभंग फार गोड लागायचा. आपल्याला आता जमतंय, असं मला वाटायला लागलं होतं. चार ओळखीच्यांना तसं सांगूनही बसलो होतो.

एका रविवारी अभंग रंगात आला आणि लाइट गेली. कूलर थांबला. आम्ही वाजवत राहिलो आणि त्या शांत खोलीत माझं व्हायोलिन उघडं पडलं. माझा गंधार चांगलाच खाली होता, आणि दर वेळी तेवढाच खाली. भैयाने तबल्यावरून हात काढला.

"साहब, बुरा मत मानना," तो म्हणाला, "अब तक कूलर ही आपकी इज़्ज़त बचा रहा था."

काकू हसल्या नाहीत. "इतके दिवस मला हे ऐकू काहून नाही आलं?" असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, असा गंधार घेऊन तुम्हाला गणपतीत नाही बसवता येणार. बसायचं असन तं आजपासून कूलर बंद."

"काकी जी, आप तो मेरा धंधा बंद करवाओगी," भैया कुरकुरला. पण लाइट आल्यावर उठून कूलरचं बटण त्यानेच बंद केलं.

त्या दिवशी घरी परतताना माझे कान तापले होते. उन्हाने नव्हे, अपमानाने. पण मी पण हट्टी माणूस. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा बंद करून बसायला लागलो. बायको म्हणायची, आत भाजून निघाल. घामाने बोट तारेवरून घसरायचं, मी ते रुमालाने पुसून परत तिथेच ठेवायचो. कोणीतरी सुचवलं, गंधाराच्या जागी व्हायोलिनच्या पट्टीवर खूण चिकटवा. मी नाही चिकटवली. कानाला सापडेल तेव्हाच तो माझा, असं ठरवून टाकलं होतं.

रविवारी काकू मानेवर ओला नॅपकिन टाकून बसायच्या आणि लांब गंधार लावून धरायच्या. माझा त्याला जाऊन मिळेपर्यंत सोडायच्या नाहीत. भैया खसच्या तुकड्याने वारा घेत वाट बघायचा. माझ्यापायी आम्ही अभंगाच्या पहिल्या दोन ओळींतच अडकलो होतो. कधी कधी वाटायचं, पेटीत व्हायोलिन घालावं आणि सरळ चालू लागावं. पण हे दोघं माझ्यासाठी घामाने निथळत बसलेले असायचे. उठणार कसा?

जुलै सरता सरता गंधार जागेवर आला. काकूंनी कौतुक वगैरे केलं नाही. "अच्छा. चलो, आता अंतरा," एवढंच म्हणाल्या.

अंतऱ्यात त्यांना वरचा गंधार घ्यायचा होता. आवाज तिथवर गेला आणि फाटला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा अर्ध्यातच थांबल्या.

"म्हणजे कूलर मलाही झाकून राहिला होता," त्या म्हणाल्या. "भाऊ, अंतरा तुम्ही वाजवा. मी खालचंच गाईन."

मागितलं होतं त्याहून जास्त मिळत होतं, आणि मला संताप आला. "पट्टी उतरवू, काकू. काळी चारची पांढरी पाच करू. अर्धाच सूर."

"जन्मभर काळी चारमध्ये गायली मी. आता उतरू?"

"तुम्ही अंतरा गाणार नसाल तर मीही गणपतीत बसत नाही," मी म्हणालो आणि खुंट्या पिळून तारा सैल करायला लागलो. भैयाने हातोडी उचलली आणि तबल्याचे गठ्ठे खालून ठोकत सूर उतरवायला घेतला. काकू भिंतीकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांनी हात लांब करून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची चकती स्वतःच फिरवली.

अंतरा सुरू झाला. वरचा गंधार आला. थरथरला, पण फाटला नाही. काकूंनी डोळे उघडले.

"भाऊ, लागला?"

इतकी वर्षं दुसऱ्यांचे सूर तपासणारी बाई मला विचारत होती. भैया माझ्याकडे डोळे वटारून बघत होता, हो म्हण म्हणून.

"नाही, काकू. किंचित कमी आहे. परत घ्या."

त्यांनी पदर खोचला आणि परत घेतला.