अर्धा सेंटिमीटर

मापाची टेप तिच्या गळ्यातून उतरते ती फक्त आंघोळीपुरती, असं तिचा नवरा म्हणे. म्हणून सगळ्यांची ती टेपकाकू. तळमजल्यावरच्या एका खोलीत बावीस वर्षं ती लांब झगे आणि कोट शिवत आली होती. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर तिने कधी कात्री चालवली नाही.

कॉलेजात शिकणाऱ्या तिच्या लेकीने सैन्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. फी सैन्य भरणार, पदवी मिळाली की अधिकारी व्हायचं आणि पाठवतील तिथे आठ वर्षं नोकरी करायची. करारावरचा पालकाच्या सहीचा रकाना मात्र महिनाभर कोराच होता.

"एकुलती एक पोर. आठ वर्षं मी काय भिंतीशी बोलू?" काकू म्हणायची.

एका संध्याकाळी लेक पडेल चेहऱ्याने घरी आली. लेखी झाली, धावणं झालं, मुलाखत झाली आणि उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी भरली.

"झालं तुझ्या मनासारखं," नवरा काकूला म्हणाला.

काकू कॉलरला इस्त्री करत होती. "माप कधी घेतलं?"

"दुपारी तीनला. धावून झाल्यावर."

"आणि उठलेलीस कधी?"

"पहाटे चारला. तेव्हापासून उभीच."

काकूचा हात थबकला. संध्याकाळी मापलेला झगा सकाळी आखूड होतो, हे तिने शिव्या खाऊन शिकलेलं होतं. दिवसभर उभा राहून माणूस जरासा दबतो, आडवा झाला की पुन्हा पुरता लांब होतो. घरात हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसली असती तर पोर घरीच राहिली असती. तिने तीच कॉलर पुन्हा एकदा इस्त्री केली.

"माप चुकलंय," ती शेवटी म्हणाली. "सकाळी पुन्हा घ्या म्हणून अर्ज कर."

"अगं, तुलाच नको होतं ना?" नवरा चकित झाला.

"नको ते नकोच. पण माझ्या पोरीला कुणी आखूड ठरवलेलं मला खपायचं नाही."

मंगळवारी सकाळी आठची वेळ मिळाली. नवऱ्याचा टेम्पो गाद्या पोचवायचा. काकूने लेकीला मागे गादीवर उताणी झोपवली.

"उठायचं नाही. हसायचंही नाही."

"हसल्याने उंची कमी होते, आई?"

"हसलीस की उठून बसतेस तू."

"आणि वाटेत कुणी विचारलं तर?" पुढून नवरा ओरडला.

"सांगा, अधिकारी निघाल्यात!"

भरती केंद्रावर काकूला आत सोडलं नाही. ती बाकावर न बसता दाराशीच उभी राहिली. दहा मिनिटांनी लेक धावतच बाहेर आली.

"एकशे बावन्न पॉइंट दोन! बावन्नच लागत होते!"

"मग! मी सांगत होते," काकू म्हणाली. "तो आठ वर्षांचा कागद आण इकडे."

कागद भिंतीला टेकवून ती सही करू लागली. गळ्यातली टेप मध्येच आडवी आली. ती तिने पाठीमागे टाकली आणि सही पुरी केली.