पानाच्या पुड्यातून आलेल्या खाणावळी

किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपले आपण येऊन बसतात आणि एकदा बसले की उठत नाहीत. आमच्या शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत तर ते दर रविवारी येतात, केळीच्या पानात बांधून!

माझ्या लग्नाला आठ महिने झाले. आमचे हे शाळेत मास्तर. त्यांचे दोस्त तीन. शिवाप्पा भाऊजी गडहिंग्लजचे, लिंगायत, गुळाच्या अडतीत कामाला. आदगोंडा भाऊजी जैन, ह्यांच्याच शाळेत गणित शिकवतात. आणि बाबालाल भाऊजी शिंपी, मुसलमान. चौघे एका वर्गात शिकले, पण राहायला ज्याच्या त्याच्या समाजाच्या बोर्डिंगात. इतकी वर्षं एका बाकावर बसून शेजारचा काय जेवतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून कामाधंद्याला लागल्यावर त्यांनी ठरवलं, दर रविवारी एकेकाच्या समाजाच्या खाणावळीत चौघांनी जायचं. ज्याला जे चालत नाही ते त्यानं खाऊ नये, पण बसायचं शेजारीच.

बायका काही खाणावळीत जात नाहीत. म्हणून माझ्यासाठी पुडा येतो, आणि पुड्याबरोबर किस्सा.

यात भीती एकच. मामंजी नेसरीला असतात, शेती करतात. आमचं बिऱ्हाड लावून दिलं त्याच दिवशी त्यांनी ह्यांना बजावलं होतं, "कोणाच्याबी हातचं खात फिरलास तर भांडीकुंडी गाडीत घालून दोघांना माघारी आणीन." मामंजी बोलतात ते करतात. त्यामुळे किस्सा संपला की हे दार लोटून घेतात आणि म्हणतात, "नेसरीला कळायला नको." मलाही माघारी जायचं नव्हतं. तिकडे बारा माणसांची चूल आहे. इथे मला खिडकी आहे.

*

पहिली पाळी शिवाप्पा भाऊजींची. लिंगायत खाणावळ एक म्हातारी अव्वा चालवते. ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी. बाबालालना पंगतीत बसू देईल की नाही, याची भाऊजींना काळजी. ते घरून उत्तर पाठ करून गेले होते.

अव्वानं एकेकाला विचारलं, तू कोण, काय करतोस. बाबालालची पाळी आली तेव्हा भाऊजी पाठ केलेलं विसरले. बाबालाल स्वतःच म्हणाले, "मी शिंपी हाय, बाबालाल."

अव्वा भाकरी थापायची थांबली. "तूच व्हय तो? माझी खणाची चोळी दोन महिनं झालं तुझ्याकडं पडलीया!"

जात राहिली बाजूला. तिनं त्यांना आपल्यासमोर बसवलं, चार भाकऱ्या खायला घातल्या आणि चोळी मिळेपर्यंत दर सोमवारी जेवायला यायची शिक्षा दिली. चोळी कधीच शिवून झाली आहे. बाबालाल भाऊजी ती नेऊन देत नाहीत!

*

जैन खाणावळीत सूर्य मावळायच्या आत जेवण उरकावं लागतं. हे आदगोंडा भाऊजींनी सांगितलं होतं, पण निघताना गणिताच्या वह्या तपासत तेच बसून राहिले. पोचले तेव्हा ऊन कौलांवर चढलं होतं. खाणावळवाले काका एक डोळा पश्चिमेकडे ठेवून वाढत होते.

आमचे हे पोरांना आरोग्याचा धडा शिकवतात, घास बत्तीस वेळा चावावा म्हणून. खाणावळीतही चावत बसले. काका शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमच्यासाठी सूर्य थांबायचा न्हाय."

त्या दिवशी माझ्या पुड्यात अर्धा लाडू आला. पहिल्या अर्ध्याचे बत्तीस पुरे होईतो सूर्य मावळला होता.

*

मग आमच्या मराठ्यांची खाणावळ. मटणाचा रस्सा. ह्यांनी आठवडाभर फुशारक्या मारल्या होत्या, की आमचं तिखट आम्हालाच झेपतं. पहिल्या भुरक्याला ह्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. हे म्हणाले, चुलीचा धूर आहे. शेजारी नुसता ताकभात घेऊन बसलेल्या आदगोंडा भाऊजींनी शांतपणे आपला रुमाल दिला आणि चूल परसात असल्याचं सांगितलं.

*

चौघांपैकी ब्राह्मण कुणी नाही, तरी एकदा पुरणपोळीसाठी ब्राह्मणाच्या खाणावळीत गेले. मालकांनी चौघांकडे बघितलं, आत घेतलं नाही. बाहेर अंगणात गोठ्याच्या कडेला चार पत्रावळी मांडल्या आणि वरून वाढलं.

हे आणि शिवाप्पा भाऊजी रागानं उठायला निघाले. बाबालालनी ह्यांचा सदरा ओढून खाली बसवलं. म्हणाले, "बस की. आपल्या बोर्डिंगांना जमलं न्हाय ते ह्यानं केलं. एका वळीत बसवलं."

पोळी मऊसूत होती. मी ती खाताना पहिल्यांदा जरा थांबले, आणि मग खाल्ली.

*

बाबालालची खाणावळ म्हणजे त्यांच्या चाचांची. मटणाचा पुलाव. शिवाप्पा आणि आदगोंडा भाऊजी घरून केळी घेऊन गेले होते. त्यांना केळी सोलताना चाचांनी पाहिलं आणि त्यांचा हात पातेल्यावरच थांबला. "माझ्या दारातनं पावणं केळं खाऊन गेलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

उठून बाजारात गेले, नवं कोरं पातेलं आणलं, दूध-रवा आणला, अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली आणि जन्मात पहिल्यांदा शिरा केला. शिऱ्याला खालून करपल्याचा वास होता. दोघा भाऊजींनी पातेलं खरवडून संपवलं.

माझ्यासाठी पुलाव आणि शिरा, दोन पुडे आले. पुलावाचा पुडा मी बराच वेळ तसाच समोर ठेवला होता. नंतर रिकामं पान उचलून ह्यांनीच टाकलं.

*

गेल्या रविवारी चौघे निघण्याच्या तयारीत होते, आणि दारात मामंजी. नेसरीच्या कुणीतरी बाजारात ह्यांना चाचांच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं होतं. बैलगाडी खाली उभी होती, रिकामी.

मामंजी घोंगडीवर बसले, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि विचारलं, खरं हाय का. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारे आमचे हे सदऱ्याची बटणं मोजू लागले. शिवाप्पा भाऊजी आढ्याकडे बघू लागले. बाबालाल दाराबाहेर सरकत होते, त्यांना आदगोंडा भाऊजींनी हाताला धरून ठेवलं.

मामंजी माझ्याकडे वळले. आठ महिन्यांत मी त्यांच्याशी 'जी' सोडून दुसरा शब्द बोलले नव्हते.

"सूनबाई, तू खोटं बोलायची न्हाईस. ह्यो कुठं कुठं जेवतो?"

मी सांगितलं. अव्वाकडे, जैनांच्या काकांकडे, आपल्याकडे, ब्राह्मणाच्या अंगणात, चाचांकडे. एवढ्यावर थांबता आलं असतं.

"आणि माझ्यासाठी पुडा येतो. मीही जेवते," मी म्हटलं.

खाली बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. मामंजींनी पागोटं गुडघ्यावर एकदा फिरवलं, परत फिरवलं.

"सगळ्यांत बेस कुणाचं?"

आपल्या मराठ्यांचा रस्सा म्हणायला हवं होतं. ह्यांचे डोळेही तेच सांगत होते.

"चाचांचा पुलाव," मी म्हटलं.

मामंजींनी पागोटं डोक्याला घातलं, उठले, वहाणा सरकवल्या. "किती लांब हाय?" त्यांनी बाबालालना विचारलं. बाबालालनी नुसती हातानं दिशा दाखवली. मामंजी निघाले, मागून चौघे निघाले. मी पदर सावरून चुलीकडे वळले.

उंबऱ्यातून मामंजी परत फिरले.

"तू का ऱ्हायलीस? चल की."