काजळी जाळायची फेरी

अख्ख्या अहमदपुरात स्वतःच्या तब्येतीपेक्षा गाडीच्या पोटाची जास्त काळजी करणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या समोर राहतो. गल्लीतले सगळे त्यांना मामा म्हणतात, तसे ते कुणाचेच सख्खे मामा नाहीत. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, उंच, जरा पुढे वाकलेले, आणि शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टायरची हवा मोजायचं यंत्र अडकवणारे. ‘कसं काय मामा?’ म्हणून विचारावं, तर उत्तर गाडीचं मिळतं. ‘काल जरा जड वाटून राहिली होती. आज बरी हाय.’ नव्या माणसाला वाटतं, घरात कुणीतरी आजारी आहे.

मामांची गाडी डिझेलची, नव्या नियमातली. या गाड्यांच्या धुराच्या नळीत एक फिल्टर असतो. इंजिनाची काजळी तो अडवून धरतो, हवेत जाऊ देत नाही. इथपर्यंत फार चांगलं आहे. पण अडवलेली काजळी कधीतरी जाळावी लागते, आणि ती जळायची तर गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगल्या वेगानं वीस-पंचवीस मिनिटं न थांबता पळवावी लागते. जी गाडी मंडईत जाते, औषधाच्या दुकानात जाते आणि सोमवारी महादेवाच्या देवळात जाते, तिचा फिल्टर तुंबणारच. तुंबला की समोर पिवळा दिवा लागतो. त्याच्याकडे कानाडोळा केला तर गाडी रांगायला लागते, आणि नव्या फिल्टरची किंमत ऐकून मालक खाली बसतो. मामांचा दिवा आठ-दहा दिवसांनी हटकून लागायचा. मग ते आमच्या फाटकाशी येऊन दबक्या आवाजात म्हणायचे, ‘गुरुजी, लागला.’ आमची ही आतूनच म्हणायची, ‘जा, नाहीतर ते दिवसभर असेच उभे राहतील.’ शेंगदाण्याचा पुडा माझ्या हातात आधीच पडलेला असायचा.

एकट्यानं जायला मामांची ना नव्हती, पण जीवावर यायचं. आणि आमच्याकडे न थांबता गाडी चालवणं हा काही सोपा प्रकार नाही. ओळखीच्या माणसानं फाट्यावर हात केला आणि गाडी थांबली नाही, की ‘लई मोठा झाला’ ही बातमी गाडीच्या आधी गावात पोचते. एकदा मामांचे साडू लोह्याच्या रस्त्यावर उन्हात उभे होते. काजळी निम्मी जळलेली. मामांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि त्याच वेगात ओरडले, ‘थांबता येत न्हाई! काजळी जळून राहिली!’ साडूंना कळलं एवढंच, की आपल्याकडे बघून काहीतरी जळालं. त्या दिवाळीला ते आले नाहीत.

यावर मामांनी तोड काढली. माणसं वाटेत घ्यायची नाहीत, निघतानाच भरायची. ते सरळ एसटी स्टँडबाहेर जाऊन उभे राहायला लागले. ‘शिरूर, चाकूर, फुकट!’ काळीपिवळीवाले चिडले. एकजण म्हणाला, ‘मामा, आमच्या पोटावर का पाय देऊन राहिलात?’ मामा कळवळून म्हणाले, ‘आरं, तुझी माणसं भरल्यावर जे उरतील ते दे मला. एखादं म्हातारं दे. बोलणारं बघून दे.’ अट एकच असायची, मधे उतरायचं नाही. अलीकडच्या वस्तीवर उतरणारा एक बिचारा शिरूरपर्यंत गेला आणि परत येताना आपल्या वस्तीवर उतरला. उतरताना तो मामांच्या पाया पडला. तो आशीर्वादासाठी पडला की सुटकेसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यात या गाडीला युरियाचं पाणीही लागतं. धूर साफ करायला त्याची वेगळी टाकी असते. खताच्या दुकानासमोर मामा ते ओतत होते, तेव्हा रांगेतला एक शेतकरी डोळे विस्फारून बघत राहिला. ‘मामा, आमच्या उसाला युरिया भेटंना, अन् तुमची गाडी पिऊन राहिली?’ मामा त्याला रसायन समजावत बसले. शेवटी त्याला घेऊन चाकूरला जाऊन आले.

मला सुरुवातीला प्रश्न पडायचा, की भाजी आणायला या माणसानं डिझेल गाडी घेतलीच कशाला? उत्तर त्यांनीच एकदा दिलं, रस्त्यावरची नजर न काढता. निवृत्तीनंतर मामा-मामींचं ठरलं होतं. औंढा आणि परळी एसटीनं झालेलं, उरलेली ज्योतिर्लिंगं गाडीनं करायची. पहिलं श्रीशैल. शोरूममधल्या माणसानं विचारलं, ‘काका, रनिंग किती?’ मामा म्हणाले, ‘आमचं आता लांबलांबचंच.’ मग डिझेलच बरी, असं तिघांच्या मतानं ठरलं. गाडी दारात आली आणि मामींचा दमा वाढला. गाडीचा पहिला लांबचा प्रवास नांदेडच्या दवाखान्याचा झाला, आणि येताना मामा एकटे होते. लांबच्या रस्त्याची गाडी, आणि माणसाचा रस्ताच आखूड झाला. याला कंपनी काय करणार आणि सरकार तरी काय करणार?

गॅरेजवाल्यानं त्यांना सोपा उपाय सांगितला होता. ‘मामा, फिल्टर काढूनच टाकतो. सरळ पाईप. दिवा न्हाई, फेरी न्हाई. लई जण करून घ्यायलेत.’ ते कायद्यात बसत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मामा म्हणाले, ‘माझ्या जुन्या जीपचा धूर निघायचा, तर ही पदर नाकाला लावून बसायची. सगळा रस्ता. मी म्हणायचो, सवय होईल.’ त्यांनी चावी उचलली आणि घरी आले. मला वाटतं, दुसरंही एक कारण होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही. फिल्टर गेला असता तर माझ्या फाटकाशी यायला निमित्त कुठून आणलं असतं?

एका रविवारी मी लग्नाला लातूरला गेलो होतो. येताना बसच्या खिडकीतून मामांची गाडी समोरून येताना दिसली. बस खड्ड्यापाशी हळू झाली होती, म्हणून आत नीट दिसलं. डाव्या सीटवर दळणाचा डबा होता. सीटवर वजन आलं की गाडी बेल्टसाठी कोकलते, म्हणून डब्याला बेल्ट लावलेला. आणि मामा बोलत होते. हात हलवून, अधूनमधून डाव्या बाजूला बघून, हसून बोलत होते. मी मान फिरवली. बसमधल्या कुणाला ते दाखवावंसं वाटलं नाही.

यंदा मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा पुण्याहून आला. मुलगा चांगला आहे, बापाची काळजी करणारा. त्यानं हिशेबीपणानं विचार केला. बाबांनी आता हायवेला जायचं नाही, आणि हायवेला गेल्याशिवाय ही गाडी जगत नाही. म्हणून त्यानं ती उदगीरच्या एका माणसाला विकली, जो सारखा हैदराबादला ये-जा करतो, आणि बापाला छोटी पेट्रोलची घेऊन दिली. जुनी गाडी गल्लीतून वळेपर्यंत मामा उभे होते. ‘चांगलं झालं,’ म्हणाले. ‘तिला लांबचं रनिंग भेटलं.’

नंतर तीन-चार आठवडे फाटकाशी कुणी आलं नाही. आमची ही दर आठवड्याला शेंगदाणे भाजत होती आणि आम्ही दोघंच ते खात होतो. मला मामांची इतकी सवय झाली होती, हे मला माहीत नव्हतं. शेवटी शेंगदाण्याचा पुडा घेऊन मीच समोर गेलो. मामा पायरीवर बसून नव्या गाडीकडे बघत होते.

‘कशी काय हाय?’ मी विचारलं.

‘हिला काहीच लागत न्हाई हो गुरुजी. आठ दिवस उभी ठेवा, काही म्हणत न्हाई.’

‘चला, चक्कर मारून येऊ.’

‘कशाला? दिवा कुठं लागलाय?’

मी चावी मागितली. ते आत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले. मी चालवायला बसलो, म्हणून ते डावीकडे बसले. बेल्टसाठी गाडी कोकलायला लागली. त्या बाजूचा बेल्ट त्यांना सापडेना, तो मी लावून दिला.

शिरूरच्या अलीकडे एका फाट्यावर एका माणसानं हात केला. मामांनी सवयीनं काच खाली केली, ‘थांबता येत...’ म्हणाले आणि मधेच अडखळले. ‘गुरुजी, थांबवा की. आता थांबता येतंय.’ आम्ही त्याला घेतलं. पुढच्याच गावात तो उतरला आणि आम्ही पुन्हा दोघंच राहिलो.

शिरूर आलं. आम्ही दोघंच असलो की इथूनच मागं फिरायचो. मामा समोर बघत होते. फिरवा, असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. चाकूरच्या पुढं निघालो, तेव्हा त्यांनी शेंगदाण्याचा पुडा सोडला.